एकसष्ट क्रमांकाची दोन पाकिटे

पावसाळ्यात फोंडा तालुक्यात वीज गेली म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. माझ्या कामात खरा त्रास वीज जाण्याचा नसतो, ती परत येण्याचा असतो. मी ज्या निवासी महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळते तेथे मागच्या जुलैत एका संध्याकाळी पाऊण तास वीज नव्हती. सव्वासातच्या सुमारास ती आली, वसतिगृहांतले सगळे ॲक्सेस पॉइंट एकदम जागे झाले आणि सहा-सातशे फोन व लॅपटॉप एकाच वेळी वाय-फायच्या दाराशी येऊन उभे राहिले. पुढची वीस मिनिटे विचित्र होती. एकाच खोलीतल्या दोन मुलींपैकी एकीला प्रवेश मिळे आणि दुसरीला मिळत नसे, आणि जिला मिळाला नाही तिला पाच मिनिटांनी त्याच पासवर्डने तो मिळून जाई. या ॲक्सेस पॉइंटांना हाताळणाऱ्या कंट्रोलरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, एकाच अर्थाची ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: उत्तरातला ऑथेंटिकेटर जुळत नाही, शेअर्ड सीक्रेट तपासा.

शेअर्ड सीक्रेट म्हणजे वाय-फायचा कंट्रोलर आणि ओळख पटवणारा रेडियस सर्व्हर या दोघांनाच ठाऊक असलेला परवलीचा शब्द. रेडियस हे त्यांच्या संभाषणाच्या ठरलेल्या नियमांचे, म्हणजे प्रोटोकॉलचे, नाव. लॉग सांगतो म्हणून मी तो दोन्हीकडे पुन्हा टाइप केला आणि काही फरक पडला नाही म्हणून आणखी एकदा केला. सीक्रेट चुकले असते तर एकाही विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला नसता, हा साधा विचार मला दुसऱ्यांदा टाइप करून झाल्यावर सुचला. मग मी लॉगवरचा विश्वास बाजूला ठेवून सर्व्हरकडे जाणारी-येणारी पॅकेट्स, म्हणजे निरोपांची पाकिटे, पकडायला बसले, आणि तेथे मला एकसष्ट क्रमांकाची दोन पाकिटे दिसली.

ती समजावून सांगण्यापूर्वी आमच्या म्हार्दोळच्या घरातल्या एका वहीविषयी लिहिणे भाग आहे. माझे बाबा एका मराठी शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात लिपिक होते आणि तेथील आवक-जावक नोंदवही अनेक वर्षे त्यांच्याच हातची होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक, आत येणाऱ्या प्रत्येकाला आवक क्रमांक, आणि उत्तर लिहिताना वर 'संदर्भ' म्हणून समोरच्याचा क्रमांक व दिनांक. एक एप्रिलला वही बदलली की जावक क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होई. लहानपणी मी त्यांना विचारले होते की मग एकसष्ट क्रमांकाची पत्रे दरवर्षी एक अशी साठत जात असतील, तर उत्तर कोणत्या एकसष्टचे हे कसे कळते. ते म्हणाले होते, "अगं, नुसत्या क्रमांकाला कोण विचारतो? कोणत्या वहीतला, कोणत्या तारखेचा, ते बघायचे असते." रेडियसच्या पॅकेटची रचना शिकताना मला हे वाक्य आठवले नव्हते. त्या जुलैच्या रात्री ते आठवले.

रेडियसच्या प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला वीस बाइटचा मथळा असतो. पहिला बाइट म्हणजे कोड, तो निरोपाचा प्रकार सांगतो: १ म्हणजे प्रवेशाची विनंती, २ म्हणजे मंजुरी, ३ म्हणजे नकार, ४ आणि ५ म्हणजे वापराच्या हिशेबाची नोंद व तिची पोच, ११ म्हणजे सर्व्हरकडून आलेला प्रतिप्रश्न. दुसरा बाइट म्हणजे आयडेंटिफायर, हाच जावक क्रमांक. पुढचे दोन बाइट लांबीचे आणि उरलेले सोळा ऑथेंटिकेटरचे. आयडेंटिफायर एकाच बाइटचा असल्यामुळे त्याला ० ते २५५ एवढ्याच किमती घेता येतात. म्हणजे या वहीत २५६ ओळी आहेत आणि त्या संपल्या की एप्रिलची वाट न बघता पुन्हा पहिल्या ओळीवर यावे लागते.

हा कंजूषपणा आज खटकतो, पण रेडियस जन्मले ते लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीत, डायल-अपच्या काळात, जेव्हा एका पेटीला मोजके मोडेम जोडलेले असत. १९९७ च्या जानेवारीत आरएफसी २०५८ म्हणून (इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात) ते जाहीर झाले आणि २००० च्या जूनमध्ये आलेली आरएफसी २८६५ आजही त्याचा मुख्य आधार आहे. एका वेळी अडीचशेहून जास्त माणसांच्या विनंत्या उत्तराविना लोंबकळत राहतील, अशी परिस्थिती त्या पेट्यांवर क्वचितच आली असती. शिवाय मर्यादा दर दिवसाची किंवा दर तासाची नाही, एकाच क्षणी उत्तराच्या प्रतीक्षेत असलेल्या विनंत्यांची आहे. सर्व्हर वीस मिलिसेकंदांत उत्तर देत असेल तर २५६ क्रमांकांत सेकंदाला साडेबारा हजारांहून अधिक विनंत्या निभावतात. तोच सर्व्हर दोन सेकंद घेऊ लागला की आकडा १२८ वर येतो. आणि तो मुळीच उत्तर देईना, तर कंट्रोलर प्रत्येक विनंती जितका वेळ धरून ठेवतो तितका वेळ तो क्रमांक अडकून पडतो. आमच्याकडे पाच सेकंद थांबून पुन्हा पाठवायचे, असे एकूण तीनदा, म्हणजे पंधरा सेकंद. २५६ भागिले पंधरा, सेकंदाला सतरा. सहाशे यंत्रे आणि प्रत्येकाच्या प्रवेशासाठी एकामागून एक होणाऱ्या आठ-दहा फेऱ्या धरल्या, तर सतरा हा आकडा किती तोकडा आहे हे वेगळे सांगायला नको.

त्या संध्याकाळी नेमके तेच झाले होते. रेडियस सर्व्हर चांगल्या यूपीएसवर होता, पण विद्यार्थ्यांची यादी ठेवणारा दुसरा सर्व्हर जुन्या यूपीएसवर होता, तो मध्येच बंद पडला आणि वीज आल्यावर रडतखडत उठत होता. रेडियस त्याची वाट बघत राहिले आणि कंट्रोलर रेडियसची.

आता ती दोन पाकिटे. सात वाजून एकोणीस मिनिटांनी कंट्रोलरने एका विद्यार्थ्याची विनंती आयडेंटिफायर ६१ लावून पाठवली. पाच सेकंदांनी तीच, तसूभरही न बदलता, पुन्हा गेली, दहा सेकंदांनी आणखी एकदा. हे नियमाला धरून आहे: पुनःप्रेषण करताना मजकूर तोच असेल तर क्रमांकही तोच ठेवायचा आणि मजकुरात काही बदलले तर क्रमांकही बदलायचा, असे आरएफसी २८६५ स्पष्ट सांगते. पंधरा सेकंद झाल्यावर कंट्रोलरने ती विनंती सोडून दिली. क्रमांक ६१ मोकळा झाला आणि लगेच दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या विनंतीला मिळाला. पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत या चारही ओळी एकसारख्या दिसत होत्या: तोच पाठवणारा पत्ता, तेच पोर्ट (म्हणजे त्या यंत्रावरच्या दरवाजाचा क्रमांक), तोच क्रमांक ६१. चौथीवर क्लिक करून मी सोळा बाइटचा ऑथेंटिकेटर पाहिला तेव्हा कळले की पहिल्या तिन्हींत तो एक होता आणि चौथीत पूर्ण निराळा.

सर्व्हरने मात्र तो पाहिलाच नाही. आलेली विनंती नवी आहे की आधीचीच पुन्हा आली आहे हे ओळखण्यासाठी आरएफसी २८६५ तीन गोष्टी सांगते: पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, त्याचे यूडीपी पोर्ट आणि आयडेंटिफायर, थोड्या कालावधीच्या आत. आमच्या जुन्या सर्व्हरने हे अक्षरशः पाळले. त्याचा 'थोडा कालावधी' तीस सेकंदांचा होता, म्हणून चौथे पाकीट त्याने जुन्याचीच पुनरावृत्ती समजून बाजूला टाकले आणि अठराव्या सेकंदाला पहिल्या विद्यार्थ्याचे उत्तर तयार झाल्यावर ते क्रमांक ६१ लावून रवाना केले. कंट्रोलरच्या दृष्टीने तोवर ६१ म्हणजे दुसरा विद्यार्थी होता.

येथे क्षणभर थांबावे असे आहे, कारण रेडियसमध्ये केवळ क्रमांक असता तर पुढे काय झाले असते याचा विचार मला त्या रात्री अस्वस्थ करून गेला. पहिल्याला मिळालेली मंजुरी दुसऱ्याच्या नावावर चढली असती आणि ज्याने कदाचित पासवर्डही चुकीचा दिला होता तो आत आला असता. तसे झाले नाही याचे कारण ते सोळा बाइट. विनंती पाठवताना कंट्रोलर त्यांत कोणाला अंदाज करता येणार नाही असा यादृच्छिक आकडा घालतो, त्याला रिक्वेस्ट ऑथेंटिकेटर म्हणतात. सर्व्हर उत्तर देताना आपला कोड, क्रमांक, लांबी, मूळ विनंतीतला तो यादृच्छिक आकडा, उत्तराचा मजकूर आणि शेवटी शेअर्ड सीक्रेट हे सगळे सलग मांडून त्याचा एमडी५ हॅश, म्हणजे त्या सगळ्या मजकुराचा सोळा बाइटचा ठसा, काढतो आणि तो उत्तराच्या ऑथेंटिकेटरच्या जागी ठेवतो. उत्तर त्यामुळे कोणत्यातरी ६१ ला नव्हे, तर त्या विशिष्ट विनंतीलाच बांधलेले राहते. कंट्रोलरने दुसऱ्या विद्यार्थ्याच्या रिक्वेस्ट ऑथेंटिकेटरने हिशेब केला, तो जुळला नाही, आणि नियमाप्रमाणे पाकीट निमूटपणे टाकून दिले. हिशेब जुळत नाही असे म्हणणारा लॉग बरोबरच होता. फक्त जुळत नाही म्हणजे सीक्रेट चुकले, हा त्याचा निष्कर्ष चुकला होता. लॉगची ती ओळ लिहिणाऱ्याला दुसरे कारण सुचले नसावे.

या गोंधळाचा खुलासा २००७ च्या आरएफसी ५०८० मध्ये झालेला आहे. रेडियस प्रत्यक्षात राबवताना निघालेल्या अडचणींवरचाच तो दस्तऐवज आहे. पत्ता, पोर्ट आणि क्रमांक जुळले तरी ऑथेंटिकेटर निराळा असेल तर ती नवी विनंती मानावी, कारण पाठवणाऱ्याने जुनी सोडून दिलेली आहे, असा त्याचा आशय. बाबांच्या भाषेत सांगायचे तर क्रमांकाबरोबर तारीखही बघायची. आमचा सर्व्हर बसवून देणाऱ्याने तो दस्तऐवज वाचला नव्हता, आणि खरे तर त्या रात्रीपर्यंत मीही वाचला नव्हता.

विनंती ओळखण्याचा प्रश्न आणखी एका ठिकाणी चिघळतो, तो हिशेबाच्या निरोपांत. कोणी किती वेळ जोडलेला होता, किती डेटा वापरला, हे कंट्रोलर सर्व्हरला कळवत असतो, आणि ही नोंद किती सेकंद उशिरा पोचते आहे हे सांगणारा एक रकानाही त्यात असू शकतो. पोच आली नाही म्हणून नोंद पुन्हा पाठवताना उशिराचा आकडा अर्थातच वाढलेला असतो. मजकूर बदलला म्हणजे नियमाप्रमाणे क्रमांकही बदलायला हवा. परिणाम असा की एकच नोंद दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी सर्व्हरकडे पोचू शकते आणि मथळ्याकडे पाहून ती दुबार आहे हे ओळखायला काहीच मार्ग उरत नाही. तेथे आत डोकावून जोडणीचा सत्र क्रमांक बघावा लागतो. ज्या हॉटेलांत पाहुण्यांना डेटाची मर्यादा असते तेथे एखाद्याचा वापर अचानक दुप्पट दिसला, तर पाहुण्याशी वाद घालण्यापूर्वी ही शक्यता तपासून बघावी.

वाय-फायमध्ये याच्या आत आणखी एक प्रोटोकॉल बसलेला असतो, ईएपी. त्यातही एका बाइटचा आयडेंटिफायर आहे, आणि शिकाऊ मुले हमखास येथे गोंधळतात, कारण दिशा उलटी आहे. ईएपीमध्ये विनंती करतो तो ओळख मागणारा आणि उत्तर देतो तो प्रवेश हवा असलेला फोन. रेडियसमध्ये मात्र विनंती दाराकडून सर्व्हरकडे जाते. त्यामुळे ईएपीचे उत्तर रेडियसच्या विनंतीत गुंडाळलेले असते आणि ईएपीची विनंती रेडियसच्या प्रतिप्रश्नात. दोन्ही क्रमांकांचा परस्परांशी काही संबंध नाही. एकाच फोनच्या आठ-दहा फेऱ्या एका सूत्रात ओवण्याचे काम तिसरीच गोष्ट करते: सर्व्हर प्रतिप्रश्नासोबत 'स्टेट' नावाचा एक ठोकळा देतो आणि कंट्रोलरने तो पुढच्या विनंतीत जशाचा तसा परत करायचा असतो.

रेडियसची जागा घेण्यासाठी आलेल्या डायमीटरने हा विषय बराच विचारपूर्वक हाताळला आहे, असे माझे मत आहे. त्याची पहिली आवृत्ती २००३ ची आणि आरएफसी ६७३३ ही सध्याची २०१२ ची. मोबाइल कंपन्यांची नेटवर्के त्यावर मोठ्या प्रमाणात चालतात. त्यात विनंती व उत्तर यांना वेगवेगळे कोड नाहीत. दोघांचा कोड एकच असतो आणि ही विनंती आहे की उत्तर हे एक बिट सांगतो. क्रमांक मात्र दोन आहेत, प्रत्येकी ३२ बिटांचे. एक फक्त लगतच्या दोन यंत्रांपुरता, तो प्रत्येक टप्प्यावर बदलतो. दुसरा मूळ पाठवणाऱ्याने दिलेला, तो शेवटपर्यंत तसाच राहतो. गावच्या शाळेतून निघालेले पत्र तालुक्याच्या कार्यालयातून पणजीला जाताना प्रत्येक ठिकाणी त्यावर तिथला आवक शिक्का बसतो, पण मूळ जावक क्रमांक कोणी खोडत नाही, तसेच हे आहे. दुबार विनंती ओळखायची ती मूळ पाठवणाऱ्याचे नाव आणि हा दुसरा क्रमांक यांच्या जोडीवरून. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले तरी तो क्रमांक किमान चार मिनिटे पुन्हा वापरला जाता कामा नये, आणि ते साधावे म्हणून त्याचे वरचे बारा बिट घड्याळावरून व उरलेले वीस यादृच्छिक घ्यावेत, असेही सुचवलेले आहे. मार्ग तुटल्यामुळे विनंती पुन्हा पाठवली जात असेल तर त्यावर तसे सांगणारे आणखी एक बिट लावतात. बाबा अशा पत्राच्या डोक्यावर 'स्मरणपत्र' असे लिहीत.

केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या दुसऱ्या एका प्रोटोकॉलचा मार्ग आणखी निराळा. तो घड्याळावर विसंबतो. सेवेकडे जाणाऱ्या विनंतीत मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ सांकेतिक करून घातलेली असते, सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ती नाकारली जाते, आणि त्या पाच मिनिटांत येऊन गेलेल्यांची यादी ठेवून तेच पाकीट दुसऱ्यांदा आल्यास परतवले जाते. घड्याळ चुकले की सगळेच अडते, हा त्याचा शाप.

रेडियसच्या सोळा बाइटांची मी वर जी स्तुती केली तिला एक मोठा अपवाद आहे. २०२४ च्या जुलैत संशोधकांनी ब्लास्ट-रेडियस नावाचा हल्ला जाहीर केला. कंट्रोलर व सर्व्हर यांच्या मधोमध बसलेला हल्लेखोर विनंतीत प्रॉक्सी-स्टेट हा रकाना घुसवतो, एमडी५ च्या दुबळेपणाचा फायदा घेऊन नकाराचा आणि स्वतः बनवलेल्या मंजुरीचा हॅश एकच येईल अशी जुळणी करतो, आणि शेअर्ड सीक्रेट माहीत नसताना नकाराची मंजुरी करून दाखवतो. उत्तर विनंतीला बांधणारी गाठच त्याने सोडवली. ईएपीच्या निरोपांत मेसेज-ऑथेंटिकेटर नावाची दुसरी, अधिक भक्कम मोहोर सक्तीची असल्यामुळे आमचे वाय-फाय यातून सुटले. नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या स्विचवर लॉग इन करणाऱ्यांच्या साध्या पासवर्डच्या विनंत्यांत मात्र ती नव्हती. २०२५ मध्ये आलेल्या आरएफसी ९७६५ ने पुढची पायरी गाठली आहे. टीएलएसच्या सुरक्षित जोडणीत एमडी५ ला पूर्ण रजा दिली, तो एका बाइटचा आयडेंटिफायर वापरातून काढला आणि विनंती-उत्तराची जोडी लावण्यासाठी ३२ बिटांचे टोकन आणले. आमच्या कंट्रोलरला ते अजून येत नाही.

आमच्याकडची दुरुस्ती तशी किरकोळ निघाली. क्रमांक प्रत्येक स्रोत पोर्टपुरता वेगळा मोजला जात असल्याने कंट्रोलरला एकाऐवजी अनेक पोर्ट वापरू दिली की दर पोर्टमागे २५६ ओळींची एक नवी वही उघडते. ही सोय सेटिंगमध्ये होती आणि बंद होती. पुरवठादाराकडून सर्व्हरची नवी आवृत्ती मागवून घेतली, ती दुबार विनंती ओळखताना ऑथेंटिकेटरही बघते. यादीचा सर्व्हर आता चांगल्या यूपीएसवर आहे. ऑगस्टमध्ये दोनदा वीज गेली आणि आली, तेव्हा मी मुद्दाम पॅकेट्स पकडून बसले होते. ६१ क्रमांक दोन वेळा वेगवेगळ्या विनंत्यांना मिळालेला दिसला आणि दोन्ही वेळा ज्याचे उत्तर त्यालाच गेले.

मेसेज-ऑथेंटिकेटर नसलेली प्रत्येक विनंती नाकारायची, अशी सक्तीही मी सर्व्हरवर लावली आहे. फक्त मुलांच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरचे दोन जुने स्विच ती मोहोर लावतच नाहीत, त्यामुळे त्या दोन पत्त्यांसाठी अपवाद ठेवावा लागला. चवथीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे असते, तेव्हा ते बदलायचे ठरले आहे.